ऐंशीच्या आत

सुनेच्या परवान्याला वर्ष पुरं व्हायला अकरा दिवस उरले होते, आणि मालकीणबाईंच्या पोटात दुखायला तेवढं कारण पुरेसं होतं.

नियम असा होता. नवख्या चालकानं पहिलं वर्षभर गाडीच्या पाठीला हिरवी पाटी लावायची आणि वेगाच्या रस्त्यावर काटा ऐंशीच्या वर न्यायचा नाही. बाकीच्यांना एकशेवीसची मुभा. नवखा एकदा जरी ऐंशीच्या वर सापडला तर परवाना जागच्या जागी जप्त, पुढचं वर्षभर गाडीला हात लावायचा नाही. वर्ष नीट निभावलं तर पाटी काढून फेकायची आणि चारचौघांसारखं चालवायचं. सून निभावत होती. ऐंशीचा काटा तिनं असा धरून ठेवला होता, जसं कुणी उतू जाणारं दूध नजरेनं धरून ठेवावं.

मालकीणबाईंचा धंदा एक दिवसाच्या कोंबडीच्या पिल्लांचा. घरामागच्या लांबट खोलीत अंडी उबवायची यंत्रं होती, ती मुलगा बघायचा. पिल्लं अंड्यातून निघाली की भोकाभोकांच्या खोक्यांत भरायची, शंभराचा एक खोका, आणि उन्हं फार चढायच्या आत लांबच्या कोंबडीवाल्यांकडे पोचवायची. हे पोचवायचं काम तीस वर्षं मालकीणबाईंनी केलं. नवरा असतानाही त्यांनीच केलं, नवरा बाजूला बसायचा. तोही त्यांना मालकीणबाईच म्हणायचा, आणि त्यात थट्टा फार कमी होती.

तीस वर्षांत त्यांनी काट्याकडे कधी बघितलं नाही. त्या पिल्लांकडे कान देत. पिल्लं सुखात असली की बारीक, एकसारखी किलबिल करतात. गाडीला हिसके बसले की गप्प होऊन एका कोपऱ्यात ढीग करतात आणि खालची गुदमरतात. उकडायला लागलं की चोची वासून किंचाळतात. ही किंचाळी ऐकली की काय करायचं, ते मालकीणबाईंनी सुनेला पहिल्याच दिवशी बजावून सांगितलं होतं. "थांबायचं नाही. थांबलीस की वारा थांबला, आणि वारा थांबला की पिल्लं भाजली. वेग वाढवायचा. टपावरच्या झडपेतून वारा आत घुसला पाहिजे." झडप नवऱ्यानं स्वतःच्या हातानं बसवलेली होती, पुढच्या बाजूला तोंड असलेली, वारा गिळून आत सोडणारी.

मग दोन वर्षांपूर्वी मालकीणबाईंच्या डोळ्यांसमोर दूध सांडल्यासारखं व्हायला लागलं. आधी एका डोळ्यापुढे, मग दोन्ही. फाटकाचा खांब गाडीला लागला तेव्हा त्या म्हणाल्या, खांब कुणीतरी हलवलाय. पुढे म्हणाल्या, गुडघे दुखतात, क्लच दाबवत नाही. डोळ्यांचं नाव त्यांनी काढलं नाही. पोटच्या पोरालाही कळू दिलं नाही. सून गाडी शिकली, परवाना काढून आली आणि चाकामागे बसली. मालकीणबाई बाजूच्या बाकावर आल्या. तिथे पूर्वी नवरा बसायचा, आणि त्या जागेचा मान किती होता हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार!

गिऱ्हाइकं आता सुनेला फोन करू लागली होती. एकानं तर मालकीणबाईंच्या तोंडावर म्हटलं, "आजीबाई, तुम्ही कशाला तसदी घेता, सूनबाई समर्थ आहेत." आजीबाई! त्या दिवशी त्यांनी जेवताना एक शब्द काढला नाही, आणि घरातल्या सगळ्यांना पळता भुई थोडी झाली.

गादीखाली डॉक्टरची चिठ्ठी होती. मोतीबिंदूची तारीख मिळाली होती, पुढच्या महिन्याची. बहिणीकडे जाते म्हणून जायचं, डोळे करून यायचं आणि चाकामागे बसायचं. पण तोवर सुनेची पाटी निघालेली असणार. पाटी निघालेल्या सुनेला चाकावरून उठवणार कोण? मुलगा? त्याला बायकोच्या ताटातलं मीठसुद्धा मागायची हिंमत नव्हती.

म्हणून त्या सकाळी खोके चढवून झाल्यावर, सून हात धुवायला गेली तेव्हा, मालकीणबाई गाडीच्या मागच्या दारातून आत चढल्या आणि त्यांनी झडपेची दोरी खाली ओढून, झडप मिटवून, बांधून टाकली. दोन वेढे, आत एक फास, वर कानासारखा छोटा तुकडा बाहेर. ही गाठ त्या खोक्यांना मारायच्या. कितीही हिसके बसले तरी ती सुटत नसे. सुनेनं दोनदा शिकवा म्हणून विनवलं होतं. "बोटं लागतात त्याला, लाटण्याचं काम नाही ते," म्हणून त्यांनी तिला वाटेला लावलं होतं.

गाडी वेगाच्या रस्त्याला लागली. तीस खोके, तीन हजार पिल्लं, ऊन वर येत चाललेलं.

"हे काय गं, आपण चाललोय का उभ्या आहोत?" मालकीणबाईंनी सुरुवात केली.

"ऐंशीवर आहोत, आई."

"मला वाटलं, रस्ताच मागे सरकतोय आणि तू नुसती चाक पुसतेयस."

मागून एक मालट्रक भोंगा वाजवत अंगावर आला आणि शेजारून सुसाट गेला. गाडी हलली. सुनेनं चाक घट्ट धरलं.

"बघ, शिव्या देऊन गेला तो. नियम करणाऱ्यानं कधी तुझ्या जागी बसून बघितलंय? सगळे एकशेवीसनं जाताहेत आणि मधे एक बाई ऐंशीनं. धोका कुणाचा? तुझा! माझ्या काळी नव्हती असली हिरवी पाटी. रस्त्यावर उतरलो तेव्हाच आम्ही जुने झालो."

"तुमच्या काळी रस्त्यावर गाड्या किती होत्या, आई?"

"माणसं होती. ती पुरेशी असतात मरायला."

"म्हणून तर," सून म्हणाली. "मला अजून माझ्या हाताचा भरवसा नाही. ऐंशीवर काही आडवं आलं तर थांबवता येईल मला. एकशेवीसवर मी फक्त ओरडेन."

असं शहाणपणाचं बोललं की मालकीणबाईंच्या तळपायाची आग मस्तकात जायची. कारण खरं होतं. ऐकून घ्यायला खरं फार जड असतं, विशेषतः सुनेच्या तोंडून.

त्यांनी कान मागे लावला. पिल्लांची किलबिल अजून बारीक होती. मग थोडी वाढली. मग एखाद्या खोक्यातून कर्कश आवाज आला, दुसऱ्यानं त्याला साथ दिली, आणि बघता बघता मागची सगळी गाडी किंचाळायला लागली.

सुनेनं आरशात पाहिलं. "आई, हे काय झालं?"

"उकडतंय त्यांना. दुसरं काय?"

"पण झडप उघडी आहे ना?"

"मग? मी काय झोपले होते का?"

"उतरायचा रस्ता अजून नऊ किलोमीटर आहे." सुनेच्या कपाळावर घाम आला. "कडेला घेऊ?"

"घे की. थांब कडेला. वारा बंद कर आणि बस मोजत, किती गेली ते." मालकीणबाईंनी पदराचं टोक हातात गुंडाळलं. "तुला शिकवलं होतं मी. पण तुला पाटी मोठी. पिल्लांचं काय, ती काय तुझ्या पोटची आहेत?"

हा घाव त्यांनी मुद्दाम मारला. सुनेला मूल नव्हतं. सहा वर्षं झाली होती लग्नाला.

सुनेनं पाय दाबला. इंजिनाचा आवाज बदलला. मालकीणबाईंना काटा दिसत नव्हता, दिसायची गरजही नव्हती. पाठ बाकाला टेकली, काचेच्या फटीतून वारा शिट्टी वाजवायला लागला. नव्वद. शंभर. मागची किंचाळी काही कमी होईना, कारण कमी व्हायला वारा आत शिरतच नव्हता. सून आणखी दाबत होती आणि पुटपुटत होती, "आलं बाळांनो, आलं, आलं."

रस्त्यावरून आडव्या जाणाऱ्या पुलाखाली गाडी शिरली आणि एकेका खांबाशी आवाज घुमला. एक, दोन, तीन. या पुलाच्या तिसऱ्या खांबाआड गस्तीची गाडी उभी असते, हे मालकीणबाईंना तीस वर्षं पाठ होतं. तिथे आल्या की त्या नेहमी पाय उचलायच्या. आज त्या खिडकीबाहेरच्या पांढऱ्या धुक्याकडे तोंड करून बसल्या आणि भोंगा वाजेपर्यंत बाकीच्या रस्त्यासारखाच हाही रस्ता, असं नाटक करत राहिल्या.

भोंगा वाजला.

पोलीसबाई तरणीताठी होती, आवाजावरून कळलं. "हिरवी पाटी, आणि एकशेचार?"

"बाई, मागे पिल्लं आहेत." सूनबाईचा आवाज फुटला होता. "मरताहेत ती. ऐका ना, ऐका. मी वर्षभर एकदाही वर नाही गेले. अकरा दिवस राहिलेत माझे. एवढी पोचवू द्या, मग हवं ते करा."

पोलीसबाईची पावलं गाडीच्या मागच्या बाजूला सरकली. तिलाही तो आवाज ऐकू येत होता. तिनं कदाचित सोडलंही असतं. म्हणून मालकीणबाई पुढे वाकल्या.

"अहो बाई, मी हिला दहादा सांगितलं, ऐंशीच्या आत चालव. नियम असतो तो काही उगाच नसतो. ऐकते कुठे! आमच्यासारख्या म्हाताऱ्यांचं आजकाल कोण ऐकतं?"

सुनेनं मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. मालकीणबाईंना तिचा चेहरा दिसला नाही, धूसर डाग दिसला. तो डाग हलला नाही, हे मात्र त्यांना कळलं. मग दार उघडलं, सून उतरली आणि गाडीच्या मागे धावली.

मागचं दार उघडल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. किंचाळी कमी होत गेली, आणि ती वाऱ्यानं कमी होत नव्हती, पिल्लंच कमी होत होती. चाकू शोधायची खडखड झाली. झडप फाडकन उघडली.

सून परत आली ती मालकीणबाईंच्या बाजूला. तिनं त्यांचा हात उचलला आणि तळहातावर दोरीचा एक तुकडा ठेवला. कापलेला, पण गाठ जशीच्या तशी. दोन वेढे, एक फास, वर कान. मालकीणबाईंच्या बोटांनी ती लगेच ओळखली. बोटांना डोळ्यांची गरज नव्हती.

"परवाना द्या," पोलीसबाई सुनेला म्हणाली. तिनं दिला. कागदावर पेन चाललं. "आता ही गाडी पुढे कोण नेणार? इथे उभी राहू देणार नाही मी."

"मी नेणार," मालकीणबाई म्हणाल्या. ही वेळ येईल असं त्यांच्या हिशेबात नव्हतं. त्यांना वाटलं होतं, पोलीस दटावून मुलाला बोलावतील. पण तोंड पुढे गेलं होतं. "तीस वर्षं हाच रस्ता चालवलाय मी. तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून." त्यांनी पिशवीतून आपला परवाना काढून ऐटीत पुढे केला.

"मी इकडे आहे, आजी," पोलीसबाई म्हणाली.

मालकीणबाईंनी हात वळवला.

"नीट दिसतं ना तुम्हाला?"

"आजी कुणाला म्हणतेस? तुझ्यापेक्षा बरं दिसतं."

"मग तो पुढे रस्त्याच्या कामाचा ट्रक उभा आहे, वीस पावलांवर. त्याचा नंबर वाचून दाखवा, आणि जा." पोलीसबाई स्वतः नंबर बघायला तिकडे वळली.

मालकीणबाईंनी डोळे बारीक केले. पुढे पिवळं काहीतरी होतं. ट्रक असेल. सून खांद्याला खांदा लावून उभी होती, तिच्या अंगाला पिल्लांच्या लवेचा वास येत होता. आयुष्यात पहिल्यांदा मालकीणबाईंनी तिच्याकडे काही मागितलं. तोंड न हलवता, ओठांतल्या ओठांत.

"काय लिहिलंय गं?"

सुनेनं वेळ घेतला नाही. मायेनं, लेकीनं सांगावं तसं हळूच सांगितलं, "चार, सात, एक, नऊ."

"चार-सात-एक-नऊ!" मालकीणबाई खणखणीत आवाजात म्हणाल्या. "झालं समाधान? का अजून आडनाव वाचू?"

पोलीसबाईनं त्यांच्या बोटांतून परवाना अलगद सोडवून घेतला.

"दोन-शून्य-आठ-तीन आहे, आजी."

पोलीसबाईनं मग स्वतःच गाडी पुलाखाली कडेला लावली, आणि मुलगा दुसऱ्याची गाडी मागून आणेपर्यंत दोन तास गेले. दोघी पुलाच्या सावलीत खोके मांडून बसल्या. सून एकेक खोका उघडून मेलेली पिल्लं बाजूला काढत होती. मालकीणबाईंच्या मांडीवर तिनं एक खोका आणून ठेवला. "आई, तुमच्या बोटांना कळतं ना सगळं? थंड झालेली बाजूला काढा." त्यांनी काढली. एकशेसतरा, म्हणजे अख्खा एक खोका भरेल एवढी, आणि वर सतरा. मोजणारी सून होती, पण आकडा मालकीणबाईंच्या लक्षात राहिला.

सुनेनं घरी कुणाला काही सांगितलं नाही. हेच मालकीणबाईंना जास्त झोंबलं. भांडली असती तर त्या दुप्पट भांडल्या असत्या, पोराला मधे ओढला असता, रडल्याही असत्या. पण तिनं फक्त तो दोरीचा तुकडा, गाठीसकट, चुलीच्या वर खिळ्याला अडकवला. येणारा-जाणारा विचारायचा, हे काय? सून म्हणायची, "आईंची आठवण. फार छान गाठ मारतात." मालकीणबाई हयात होत्या आणि चार हातांवर बसल्या होत्या.

डोळे झाले. पांढरं धुकं गेलं आणि सगळं लख्ख दिसायला लागलं: भिंतीवरची डागडुजी, स्वतःच्या हातावरच्या सुरकुत्या, सुनेचा चेहरा. तो चेहरा त्या दिवशी पुलाखाली दिसला नाही तेच बरं झालं, असं त्यांना एकदा वाटून गेलं आणि त्यांनी तो विचार झटकून टाकला.

परवाना मात्र परत मिळत नव्हता. डोळ्यांसाठी गेलेला परवाना गेलाच, नव्यानं काढायचा. आणि नव्यानं म्हणजे संगणकापुढे बसून परीक्षा. मालकीणबाईंनी शाळेत दोन इयत्ता काढल्या होत्या, त्यातली एक मास्तरांच्या गुरांमागे. दोनदा नापास झाल्या. मुलगा यंत्रं आणि गाडी दोन्हीकडे धावून अर्धा झाला होता, एक अख्खी उबवणी वाया गेली होती. शेवटी सून पुस्तक घेऊन त्यांच्यासमोर बसली.

"आई, हे सांगा. नव्या चालकानं वेगाच्या रस्त्यावर किती वेगानं जावं?"

"मला ठाऊक आहे."

"मग म्हणा ना."

"ऐंशी."

"मोठ्यानं. संगणकाला ऐकू कमी येतं."

"ऐंशी!" मालकीणबाई दातओठ खाऊन म्हणाल्या. "पुढचं विचार."

"पुढचं तेच आहे. का बरं जावं?"

त्यांना उत्तर येत होतं. सुनेनंच एकदा दिलं होतं. ते त्यांनी शब्दाला शब्द म्हटलं, आडवं काही आलं तर थांबवता यावं म्हणून, आणि सुनेनं मान डोलावली, जशी मास्तर ढ पोराला पहिल्यांदा बरोबर आल्यावर डोलावतात.

तिसऱ्या वेळी त्या पास झाल्या. परवाना नवा, म्हणून चालकही नवा. तीस वर्षं कुठल्या कागदात मोजायची सोय नव्हती. गाडीच्या पाठीला हिरवी पाटी लागली, सुनेनं स्वतःच्या हातानं लावली आणि चार पावलं मागे जाऊन सरळ आहे का ते बघितलं. तिची स्वतःची शिक्षा संपायला अजून बरेच महिने होते. ती बाजूच्या बाकावर बसली.

तीस खोके, तीन हजार पिल्लं, ऊन वर येत चाललेलं. मालकीणबाईंनी चाक धरलं आणि जन्मात पहिल्यांदा काट्याकडे बघितलं. काटा स्वच्छ दिसत होता. ऐंशी. मालट्रक भोंगे वाजवत निघून जात होते.

"आई, आपण चाललोय का उभ्या आहोत?" सून म्हणाली.

शब्द मालकीणबाईंचेच होते.

बराच वेळ मागे बारीक किलबिल चालू होती. मग ती थोडी वाढली. मग एका खोक्यातून कर्कश आवाज आला. मालकीणबाईंची बोटं चाकावर आवळली. खोके चढवून झाल्यावर त्या हात धुवायला गेल्या होत्या. मागचं दार लावलं होतं ते सुनेनं.

दुसऱ्या खोक्यानं साथ दिली.

"झडप उघडी आहे ना गं?"

सून खिडकीबाहेर बघत होती. "मला काय कळतंय त्यातलं? गाठ तर तुम्हालाच येते, आई."

उतरायचा रस्ता नऊ किलोमीटर होता. मागची सगळी गाडी किंचाळायला लागली होती. मालकीणबाईंच्या पायात जोर येत होता, आणि समोर, नव्या डोळ्यांना अगदी लख्ख, पूल दिसायला लागला होता.